एका घरातली चार तोंडं

नणंद दारात उभी होती आणि तिच्या पिशवीची झडती चालली होती.

"हे काय?" वहिनीनं विचारलं.

"आंबे."

"आणि हे काटेरी?"

"अननस. नदीपलीकडून आलाय, आजच उतरवलेला."

"बाहेर!"

"बरं. हे लिंबू तरी आत येऊ दे. माझ्या पाण्यात पिळायला."

"लिंबू तर मुळीच नाही. आणि आंबेही राहू देत बाहेरच. कितीही पिकला तरी कोयीजवळ आंबट लागतोच तो."

अशा रीतीनं फळांची पिशवी जिन्यात चपलांच्या शेजारी राहिली आणि नणंद तेवढी घरात आली. ती दातांची डॉक्टर होती. लोकांना बळजबरीनं तोंड उघडायला लावायची तिला सवय होती, पण या घरात मात्र तिनं स्वतःचं तोंड मिटून घेतलं. निदान जेवणापर्यंत तरी.

आता तुम्ही म्हणाल, काय तऱ्हेवाईक बाई आहे ही वहिनी! तर तसं काही नव्हतं. बाई सरळ, कामसू, माणसांना जीव लावणारी. नदीवरच्या मोठ्या धक्क्यावर ती बोटींच्या घोषणा करायची. कुठली बोट कुठून सुटणार, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची छत्री सापडलीय, हे सगळं तिच्या आवाजात कर्ण्यातून ऐकू यायचं. सारं गाव तिला घोषणाताई म्हणायचं. तिच्या आधी त्याच खुर्चीवर तिचे वडील बसत आणि त्यांचा आवाज ऐकला की घाईतला माणूससुद्धा चालणं हळू करी, असं जुने खलाशी अजून सांगतात.

त्या वडिलांचा एक नियम होता. ज्याला माइकसमोर बसायचंय त्यानं आंबटाला हात लावायचा नाही. आंबट खाल्लं की आवाज बसतो. संपलं! या नियमावर चर्चा नव्हती. वडील गेले, खुर्ची लेकीकडे आली आणि खुर्चीबरोबर नियमही आला.

गंमत अशी की धक्क्यावरची तिची केबिन नेमकी फळांच्या लाँचच्या डोक्यावर होती. रोज सकाळी खालच्या फळ्यांवर संत्री, पेरू, अननस, पपया यांची खोकी उतरायची आणि तो वास थेट वर यायचा. वासानं तोंडाला पाणी सुटायचं, आणि तोंडात पाणी असताना घोषणा कशी करणार? म्हणून घोषणाताई सकाळी सकाळी खिडकी लावून घ्यायची. मग त्या बंद खोलीत घसा कोरडा पडायचा. त्यावर तिनं उपाय शोधला होता: टेबलावर घशाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. दिवसभर तोंडात एक गोळी असायचीच.

इतकं जपूनही आवाज काही धड राहत नव्हता. मधेच चिरकायचा. हिरड्यांतून रक्त यायचं, जिभेवर फोड उठायचे, पोट साफ व्हायचं नाही आणि दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपायचं. प्रत्येक तक्रारीला घोषणाताईकडे एकच इलाज होता, आणखी एक फळ बंद करायचं! आंबट फळं तर कधीचीच हद्दपार झाली होती. मग पपई उष्ण म्हणून गेली. केळ्यानं कफ होतो म्हणून केळं गेलं. पेरूच्या बिया घशात टोचतात म्हणून पेरू गेला. शेवटी कलिंगडही गेलं. त्याचा गुन्हा काय होता हे घरात कुणालाच कळलं नाही. भाज्याही एकेक करून सुटल्या. राहिलं काय, तर भात, बटाटा, पाव आणि चहाबरोबर बिस्किटं.

आणि मागच्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. दुपारच्या बोटीची घोषणा चालू असताना जिभेवरचा फोड दाताला घासला. कळ अशी मस्तकात गेली की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि वाक्य अर्ध्यातच तुटलं. खाली माणसं एक पाय धक्क्यावर आणि एक पाय फळीवर ठेवून वर बघत राहिली.

धक्क्याचे साहेब स्वतः जिना चढून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मगच बोलले.

"ताई, नवीन इमारत पुरी होतेय. तिथं घोषणेचं यंत्र बसवायचं की माणूस ठेवायचा, असं वरून विचारतायत. मी अजून काही कळवलेलं नाही. थंडीत इमारत उघडेल. तोवर तुमचा आवाज ठीक झाला तर माइक तुमचाच. नाहीतर मला तुम्हाला तिकिटांच्या खिडकीवर बसवावं लागेल."

तिकिटांच्या खिडकीवर! पगार तोच राहिला असता, नोकरीही गेली नसती. पण वडिलांच्या खुर्चीवर एक पेटी बोलणार आणि आपण तिच्याखाली सुटे पैसे देत बसणार, हा विचारच तिला सोसवेना. त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता. नवऱ्यानं आपल्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं होतं ते म्हणूनच.

नणंदेनं जेवताना काहीच विचारलं नाही. ती फक्त बघत होती. वहिनीनं पावाचा तुकडा चावला आणि परत ताटात ठेवला, तेव्हा त्याच्या कडेला लाल डाग होता.

"वहिनी, तोंड उघड."

"अगं, जेवतेय मी!"

"उघड म्हणते ना!"

नणंदेनं मोबाइलचा दिवा लावला, चमच्याचा दांडा घेतला आणि भर जेवणात तपासणी सुरू केली. हिरड्या सुजलेल्या, लाललाल झालेल्या. जिभेवर तीन ठिकाणी फोड. दोन दाढा किडायच्या वाटेवर.

"शेवटचं फळ कधी खाल्लंस?"

वहिनी आठवू लागली. बराच वेळ आठवत राहिली. तेवढ्यात जेवण निवलं.

"मला शंका येतेय ती वेगळीच," नणंद म्हणाली. "तुझ्या शरीराला सी जीवनसत्त्व मिळतच नसणार. ते कमी पडलं की हिरड्या हळव्या होतात, रक्त येतं, जखमा लवकर भरत नाहीत, माणूस थकतो. अर्थात नुसत्या अंदाजावर चालणार नाही. उद्या रक्त तपासू आणि दातही स्वच्छ करू. पण मला सांग, या घरात फळ येतच नाही ना?"

"नाही. सगळे नियम पाळतात आमच्याकडे." हे सांगताना एवढ्या दुखण्यातही वहिनीची मान ताठ झाली.

"मग सगळ्यांच्याच हिरड्यांची ही दशा असणार! एकच चूल, एकच जेवण. बसा पाहू रांगेत. दादा, तू आधी."

दादा म्हणजे घोषणाताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला त्याच क्षणी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची आठवण झाली. ताईच्या आईला अचानक झोप आली. आणि मुलगी, जिला तिच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, ती ताट उचलून मोरीकडे निघाली. या घरात मुलगी न सांगता ताट उचलते हे पाहूनच खरं तर वहिनीला संशय यायला हवा होता.

"बसा!" नणंद गरजली. सगळे बसले.

दादाच्या हिरड्या छान गुलाबी होत्या. नणंदेनं भुवई उंचावली. मग दातांवर दिवा धरला आणि दुसरी भुवईही वर गेली.

"दादा, दिवसातून किती वेळा दात घासतोस?"

"स्वच्छता म्हणून... घासतो आपला. दुकानातून आलो की घासतो."

"दुकानातून आल्या आल्या? घरात पाऊल टाकायच्या आधी?"

"हो... म्हणजे जवळपास."

"दात वरून झिजलेत तुझे. आंबट खाऊन लगेच ब्रश फिरवला की असं होतं. आंबटानं दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो, त्यावर ब्रश मारायचा नसतो. साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि अर्धा-एक तास थांबायचं. आता सांग, दुकानात काय खातोस?"

दादानं बायकोकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "अननस," तो म्हणाला. "शेजारच्या गाडीवर फोडी मिळतात. वास येऊ नये म्हणून ब्रश खिशातच ठेवतो."

वहिनीनं आ वासला. आता तोंड उघडायला कुणाला सांगावं लागलं नाही.

"पुढची!" नणंदेनं पुकारलं. "भोंगा, जीभ काढ."

भोंग्यानं जीभ काढली. जीभ जांभळीजर्द होती.

"पेन चावलं," भोंगा म्हणाली.

"शाई निळी असते गं. हे जांभूळ आहे!"

"...मैत्रिणीच्या परसात झाड आहे," भोंगा पुटपुटली. तिचं पुटपुटणंही खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

राहिल्या आई. वय झालेलं, पण दोन दाढा सोडल्या तर सगळे दात जागच्या जागी, हिरड्या घट्ट. नणंदेनं चमच्याचा दांडा दोन दातांच्या फटीत घातला आणि अलगद एक पिवळा धागा बाहेर ओढला. तो दिव्यासमोर धरला. सगळे वाकून बघू लागले.

"मावशी, हे काय आहे?"

"काय की बाई. कापडाचा असेल."

"रेषाळ आंबा आहे हा. आजचाच!"

आईंनी पदर तोंडाला लावला. "समोरच्या घरची बाई फार आग्रह करते गं. नाही म्हणवत नाही. रोजच करते आग्रह."

तर वाचकहो, अशी होती त्या नियमाची परिस्थिती! एका घरातली चार तोंडं. त्यातली तीन चोरून खात होती आणि ठणठणीत होती. चौथं तेवढं इमानानं उपाशी होतं.

हसू यायला हवं होतं, पण वहिनीला रडू फुटलं. "म्हणजे एवढी वर्षं मी एकटीच पाळतेय?" ती म्हणाली. "मला वाटायचं माझ्या आवाजासाठी सगळं घर सोसतंय. मला त्याचं किती ओझं वाटायचं! आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे मजा मारताय?"

"अगं, तुझ्यासमोर खाऊन तुला दुखवायचं कसं?" दादा कळवळून म्हणाला. "बाबांचं नाव निघालं की तुझा चेहरा असा होतो की माझी छाती होत नाही."

"तेच चुकलं तुझं," नणंद म्हणाली. "दुखवायचं नाही म्हणून तू तिला दुखणं दिलंस! वहिनी, तू शांतपणे विचार कर. आंबटानं आवाज बसत असता तर या घरात सगळ्यात आधी कुणाचा बसायला हवा होता? दिवसभर चोरून जांभळं खाणारी ही तुझी लेक. भोंगा, जरा हाक मार बरं."

"कुणाला?"

"कुणालाही."

भोंग्यानं खिडकीतून समोरच्या मैत्रिणीला हाक मारली. वळचणीची कबुतरं उडाली, खालच्या मजल्यावरचं बाळ जागं झालं आणि दोन घरं सोडून पलीकडून कुणीतरी 'काय झालं, काय झालं' म्हणून ओरडलं.

"बसलाय आवाज?" नणंदेनं विचारलं.

वहिनीला रडता रडता हसू आलं. पण तिनं मान हलवली. "ती माइकवर बोलत नाही. बाबांना अनुभव होता. बाबा उगाच नियम करणारे नव्हते."

तेव्हा आईंनी पदर तोंडावरून काढला.

"बाबांना अनुभव होता तो पित्ताचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पित्त होतं गं त्यांना. जबरदस्त. सकाळी उपाशीपोटी निघायचे, दिवसभर नुसता चहा ढोसायचे आणि मग छातीत जळजळ. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर जेवा, चहा कमी करा आणि जळजळ थांबेपर्यंत आंबट नको. यांनी चहा काही सोडला नाही, आंबट तेवढं सोडलं. मग एकदा धक्क्यावर कुणीतरी संत्रं पुढे केलं. आता एवढ्या रुबाबाचा माणूस, पोट बिघडलंय असं कसा सांगणार? म्हणाले, आवाजासाठी मी आंबट खात नाही. ऐकणाऱ्यांना ते इतकं भारी वाटलं की दुसऱ्या दिवसापासून तिकिटवाल्यानंसुद्धा आंबट सोडलं!"

"आई!"

"खरं तेच सांगते. मग त्यांना शब्द मागे घेता येईना. पोट बरं असलं की स्वयंपाकघराचं दार लावून कैरीला मीठ लावून खायचे. मी बाहेर पहारा द्यायची."

वहिनी आईसमोर येऊन बसली. "मग मला का नाही कधी सांगितलंस?"

आईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "तू एवढीशी होतीस तेव्हापासून त्यांच्या मांडीवर बसून तो नियम घोकायचीस. ते असताना त्यांचं हसं नको म्हणून नाही सांगितलं. ते गेले, आणि तू तो नियम पाळायला लागलीस की मला वाटायचं, ते घरात आहेत अजून. मीच कशी मोडू?" त्यांनी लेकीच्या हनुवटीला हात लावला. "पण तुझ्या तोंडातून रक्त येतंय पोरी. ते असते तर त्यांनीच मोडला असता."

वहिनी उठून आईच्या कुशीत शिरली. नणंदेनं त्यांना मनसोक्त रडू दिलं. आणि मग, डॉक्टर ती डॉक्टरच, तिनं वहिनीच्या कामाच्या पिशवीतून डोकावणारा पत्र्याचा डबा उचलला.

"आणि या कसल्या गोळ्या?"

"घशाच्या. त्या तर औषधच आहेत," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

नणंदेनं डबा दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचलं. "साखर. संत्र्याचा स्वाद. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल." तिनं डबा खाली ठेवला. "म्हणजे तुला आंबट चालतं, वहिनी. फक्त ते झाडाला लागलेलं नको!"

यावर मात्र सगळं घर खो खो हसत सुटलं. वहिनीही हसली, आणि फोड दुखला म्हणून गाल धरून हसली.

"तुझ्या दाढा या गोळ्यांनी किडवल्यात," नणंद म्हणाली. "दिवसभर साखर आणि आम्ल तोंडात धरून बसतेस. त्यापेक्षा एक अख्खा पेरू चावून खा. संत्र्याहून कितीतरी जास्त सी असतं पेरूत. पपईत असतं, आंब्यात असतं, अननसात असतं. शिवाय चोथा असतो, पोट साफ राहतं. रस गाळून चोथा टाकून दिलास तर अर्धं फळ फुकट गेलं. आणि ऐक, फळ म्हणजे काही जादूटोणा नाही. सकाळी खाल्लं आणि संध्याकाळी कोकिळा झाली, असं होत नसतं. घशाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, भरपूर पाणी प्यायचं, ती खिडकी उघडायची. बाबांसारखं पित्त असेल तर आंबट बेतानं खायचं, रिकाम्या पोटी नाही. ज्याला साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारून खायचं. पण एकाच्या पोटाचं पथ्य दुसऱ्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?"

वहिनी उठली. दार उघडलं आणि जिन्यातली पिशवी स्वतः उचलून आत घेऊन आली. भोंग्यानं टाळ्या पिटल्या. वहिनीनं पिशवीतून अननस काढला, जुना शेजारी भेटावा तसं त्याच्याकडे बघितलं, आणि सुरी मागितली.

"अननस नाही!" नणंद ओरडली.

"आता काय झालं?"

"जिभेवर फोड आहेत ना तुझ्या? आज अननस लावलास तर छतापर्यंत उडी मारशील. आधी पिकलेला आंबा, पपई, केळं. जीभ बरी झाली की मग अननस. तोवर तो बाहेर!"

"पण मला खायचाय!"

"बाहेर म्हणजे बाहेर!"

आणि अननस परत जिन्यात गेला. दादा मात्र थोड्या वेळानं घड्याळाचा एक स्क्रू शोधायला म्हणून जिन्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

रक्ताच्या तपासणीत नणंदेची शंका खरी निघाली. घशाचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र अगदी धडधाकट आहे, फक्त कोरडं पडलंय आणि दमलंय. पाणी प्या, मधे मधे गप्प बसा. दाढा भरून घेतल्या, हिरड्या स्वच्छ केल्या. फोड हळूहळू बसले. जांभळांचा हंगाम गेला, पेरूंचा आला. गोळ्यांच्या डब्यात आता दादाचे स्क्रू राहू लागले आणि केबिनची खिडकी सकाळीच उघडी दिसू लागली. फळांच्या लाँचवरचा खलाशी वर बघून हात हलवायचा आणि दोरी बांधलेल्या टोपलीतून ताईचा सकाळचा पेरू वर चढायचा. आवाज रोज सुधारतोय असं घरचे म्हणायचे, पण घरचे ते घरचेच. ताईची धाकधूक काही जात नव्हती.

थंडी पडली. नवीन इमारत उघडायचा दिवस आला. साहेबांनी ठरवलं, सकाळी यंत्र चालवून बघू, दुपारी ताई बोलतील, मग काय ते कळवू. आणि नेमकं त्याच सकाळी नदीवर असं धुकं उतरलं की धक्क्यावरच्या दिव्यांपलीकडे पाणीसुद्धा दिसेना.

एकही बोट सुटली नाही. माणसं येतच राहिली. कुणाला कामावर जायचं होतं, कुणाला लग्नाला, कुणाला दवाखान्यात. आणि वरून यंत्र अगदी गोड आवाजात सांगत होतं: "पहिली बोट वेळेवर सुटेल. कृपया रांगेत या." मग म्हणालं: "पहिली बोट सुटली आहे. आपला प्रवास सुखाचा होवो." कुणाचा प्रवास? बोट समोर बांधलेली होती! लोक चिडले. रेटारेटी सुरू झाली. पुढची माणसं कठड्यावर दाबली जाऊ लागली आणि कठड्यापलीकडे धुक्याखाली नदी होती.

साहेब धापा टाकत केबिनमध्ये आले. "ताई, माइक घ्या! लवकर!"

घोषणाताईनं यंत्राची कळ बंद केली. घोटभर पाणी प्यायली. क्षणभर तिला ते दुपारी तुटलेलं वाक्य आठवलं. मग ती बोलू लागली.

"मंडळी, जिथं आहात तिथंच थांबा. एकही बोट सुटलेली नाही. धुकं निवळल्याशिवाय बोट सुटणार नाही, आणि कुणाला मागे टाकूनही जाणार नाही. कठड्याजवळच्यांनी जागेवर बसून घ्या. मागच्यांनी दोन पावलं मागे या. हो, तुम्हीसुद्धा, लाल स्वेटर!"

गर्दी हसली. आणि हसली म्हणून सैल झाली. लोक खाली बसू लागले. ती बोलतच राहिली. दवाखान्यात जाणाऱ्यांना तिनं एका बाजूला घेतलं, लहान मुलं असलेल्या बायांना आतल्या हॉलमध्ये पाठवलं, धुकं कुठवर आलंय ते दर थोड्या वेळानं सांगितलं. अर्धी सकाळ ती बोलत होती आणि आवाज एकदाही चिरकला नाही. साहेब दाराशी उभे राहून ऐकत होते.

फळांची लाँच धुक्याआधीच येऊन लागली होती, आणि पुढच्या धक्क्यांना जायची खोकी इथंच अडकली होती. फळवाल्यानं ती फोडून बसलेल्या लोकांत विकायला काढली. उपाशी ताटकळलेली माणसं पेरू आणि संत्री घेऊ लागली. ताईला वरून सगळं दिसत होतं. तिला दिसलं, की मफलर गुंडाळलेल्या एका आजोबांनी आपल्या नातीच्या हातातला पेरू काढून घेतला आणि घशाला हात लावून तिला काहीतरी समजावलं. पोरीचा चेहरा पडला.

घोषणाताईला राहवलं नाही. तिनं माइक जवळ ओढला.

"हिरव्या मफलरातले आजोबा! तुमच्याशीच बोलतेय मी. त्या पोरीला पेरू खाऊ द्या. आवाज बसत नाही त्यानं. तीस वर्षं मीही तेच समजत होते. आज सकाळीही पेरू खाऊनच बोलतेय. नळ डाव्या हाताला आहे, धुऊन घ्या!"

सगळा धक्का आजोबांकडे वळला. आजोबांनी वर पाहिलं. हातातल्या पेरूकडे पाहिलं. मग ते उठले, नळाशी गेले, पेरू धुऊन नातीला दिला, आणि परत येताना फळवाल्यापाशी थांबून एक स्वतःसाठीही घेतला.

साहेबांनी त्याच दुपारी वर कळवून टाकलं. यंत्राला धुकं दिसत नाही, आम्हाला माणूस हवा!

त्या संध्याकाळी घरात नदीपलीकडचा मोठा अननस कापला गेला, जिन्यात नव्हे, जेवणाच्या टेबलावर. दादानं ब्रश खिशातून काढून मोरीत ठेवला, कायमचा. आईंनी सगळ्यांना वाटून झाल्यावर एक फोड बशीत घेतली आणि भिंतीवरच्या फोटोखाली नेऊन ठेवली.

"घ्या," त्या फोटोला म्हणाल्या. "आता दार लावायची गरज नाही."

वाचकहो, फळ ही आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू नाही, आणि पाहुण्यांसाठी बशीत रचून ठेवायची शोभाही नाही. ते रोज, उघडपणे, सगळ्यांनी मिळून खायचं अन्न आहे. हंगामात जे मिळेल, आपल्या पोटाला जे सोसेल ते धुऊन, चावून खावं. आणि तुमच्याही घरात 'आमच्याकडे हे खात नाहीत' असा एखादा जुना नियम मुक्काम ठोकून बसला असेल, तर त्याला हाकलण्याआधी किंवा पाळण्याआधी एकदा जवळ बसवून प्रेमानं विचारा: बाबा रे, तू नेमका कुणाच्या पोटदुखीतून आलास?